मिनेसोटात मासे पकडायचेत? मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मे महिना जवळ आला की मिनियापोलिस-सेंट पॉलला नव्याने आलेल्या आपल्या लोकांकडून तेच तेच प्रश्न येतात, मग डिसेंबरात बर्फावरच्या मासेमारीचे येतात. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. नियम आणि फी दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे जायच्या आधी डीएनआरचं, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं, त्या वर्षीचं नियमपुस्तक बघाच. फुकट मिळतं, बेट शॉपच्या, म्हणजे आमिष विकणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर गठ्ठा ठेवलेला असतो.

लायसन लागतंच का? आम्ही तर फक्त टाइमपास करणार, मासा परत सोडून देणार.

लागतंच. सोडा नाहीतर तळून खा, गळ पाण्यात पडला की ती मासेमारी. इथे राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना लायसन लागत नाही, बाकी सगळ्यांना लागतं. ऑनलाइन मिळतं, बेट शॉपमध्ये मिळतं, गावाकडच्या पेट्रोल पंपावर सुद्धा मिळतं. रेसिडेंटच्या दरात हवं असेल तर मिनेसोटात सलग ६० दिवस राहणं झालेलं पाहिजे. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर जोडप्याचं एकत्र लायसन असतं, ते स्वस्त पडतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, वार्षिक लायसन १ मार्चला सुरू होतं आणि पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी संपतं, तुम्ही कधी घेतलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे जानेवारीत एखाद्या वीकेंडसाठी पूर्ण वर्षाचं घेऊ नका, २४ तासांचं किंवा ७२ तासांचं घ्या.

आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना नेलं तर?

शेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसणार असतील तर काहीच लागत नाही. पण बाबांनी रॉड हातात घेतला (आणि घेणारच, कोकणातले असतील तर तुम्हाला बाजूला सारून घेतील) तर त्यांना नॉन-रेसिडेंट लायसन लागतं. ते २४ तास, ७२ तास, ७ दिवस असं थोड्या मुदतीचं पण मिळतं. ऑनलाइन फॉर्मशी झगडत बसण्यापेक्षा पासपोर्ट घेऊन सरळ दुकानात जा.

पैसे न घालवता एकदा करून बघता येईल का?

येईल, आणि हे आपल्या लोकांना फार कमी माहितीये. मिनेसोटाच्या स्टेट पार्कमध्ये रेसिडेंट लोकांना काठावरून मासे पकडायला लायसन लागत नाही, फक्त ट्राउट माशासाठीचा स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना, लागतो असं पाणी नको. गाडीचा पार्क परमिट मात्र घ्यावा लागतो. बऱ्याच पार्कांत ऑफिसमधून रॉड आणि टॅकलचं किट वापरायला मिळतं, जायच्या आधी फोन करून विचारा. शिवाय जूनमध्ये एक वीकेंड असा असतो की १५ वर्षांपर्यंतच्या मुलाला घेऊन गेलात तर मोठ्यांनाही लायसन माफ, आणि मदर्स डेच्या वीकेंडला इथे राहणाऱ्या आयांना माफ. तेव्हा घरातली आई मासे पकडतेय आणि बाबा डबा धरून उभे आहेत असं चित्र दिसतं, बघायला मजा येते.

आमच्याकडे बोट नाही. बोटीशिवाय काही मिळतं का?

मिळतं हो! बोट घेतल्याशिवाय मासेमारी होत नाही हा समज बोट विकणाऱ्यांनी पसरवलाय असं माझं ठाम मत आहे. या राज्यात १० एकरांपेक्षा मोठी ११,८४२ तळी आहेत, गाडीच्या नंबर प्लेटवर दहा हजार लिहिलंय ते कमीच सांगितलंय. नुसत्या मिनियापोलिस शहरात बेडे माका स्का, हॅरिएट, नोकोमिस, सीडर अशी तळी आहेत आणि मासे पकडायला बांधलेले धक्के म्हणजे फिशिंग पिअर आहेत. सेंट पॉलमध्ये कोमो आणि फेलन. बसने जाऊन मासे पकडून बसने घरी येता येतं. डीएनआरचा एक कार्यक्रमच आहे, शहरातल्या छोट्या तळ्यांत मासे सोडायचे आणि पिअर बांधायचे, म्हणजे पोरांना सायकलवरून जाता यावं.

पहिल्या वर्षी वॉलाय या इथल्या लाडक्या माशाच्या मागे लागू नका. सनफिश पकडा. तळहाताएवढा मासा, पोटाला नारिंगी, गालाला निळसर, आणि दुपारी बारालाही गळाला लागतो, म्हणून लहान मुलं कंटाळत नाहीत. मेअखेरपासून जूनमध्ये तो उथळ पाण्यात घरटं करतो, वाळूत ताटलीएवढे गोल खड्डे एकमेकांना लागून काठावरूनच दिसतात, आणि प्रत्येक खड्ड्यावर एक नर पहारा देत असतो.

तिथे गळ टाकला की मासा लगेच लागतो हे खरं, पण सगळ्यात मोठे नर उचलून नेले की पहाऱ्याला छोटे उरतात आणि हळूहळू तळ्यातले सगळेच सनफिश बारके होत जातात. म्हणून राज्यात सगळीकडे सनफिशची मर्यादा २० असली तरी बऱ्याच तळ्यांवर ती ५ किंवा १० केलीय. खायला मधल्या आकाराचे घ्या, मोठा नर सोडून द्या.

सामान काय काय घ्यायचं? दुकानात गेलो तर डोकं फिरलं.

फिरणारच, ती दुकानं तशीच बांधलेली असतात. तुम्हाला लागतंय एवढंच: साडेपाच-सहा फुटी स्पिनिंग रॉड रीलसकट, त्यावर सहा पाउंडाची साधी नायलॉनची लाइन, ८ नंबरचे गळ, चिमटीने दाबायची छोटी वजनं, दोन-तीन बॉबर (लाइनला लावायचे तरंगणारे गोळे), गळ काढायला लांब नाकाची पक्कड, आणि गांडुळांचा एक डबा. वजनं शिशाची घेऊ नका, टिनची घ्या. लून नावाचा पक्षी इथला राज्यपक्षी आहे, तळाचे खडे गिळताना तो शिशाचे तुकडे गिळतो आणि विषबाधेने मरतो.

आता कसं करायचं ते. गळाला अख्खं गांडूळ लावू नका, सनफिशचं तोंड बारकं असतं, तो शेपटाकडून कुरतडून नेतो आणि तुम्ही नुसता गळ बघत बसता. इंचभर तुकडा लावा, गळ पूर्ण झाकला जाईल असा. बॉबर गळापासून दोन-अडीच फुटांवर. टाकल्यावर बॉबर आधी दोनदा थरथरतो, तेव्हा ओढायचं नाही, तो तिरका सरकायला लागला किंवा बुडाला की मनगटाने हलका झटका द्यायचा, खांद्यापासून हात ओढायचा नाही. मासा वर आला की त्याच्या पाठीवरचे काटे ताठ उभे असतात, म्हणून हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवत आणायचा, काटे आपोआप मिटतात. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर आजारी पडतो.

उन्हाळ्यात एका माणसाला एकच लाइन टाकता येते. दोन रॉड लावून बसलात तर दंड होईल. बर्फावर दोन चालतात.

मग हे सगळे लोक वॉलाय वॉलाय का करतात? आणि तो ओपनर काय प्रकार आहे?

वॉलाय १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे आणि खायला खरंच फार चांगला. बहुतेक तळ्यांवर त्याचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो आणि मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) वीकेंडच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी उघडतो, तोच ओपनर. त्या शुक्रवारी दुपारी ऑफिसात मीटिंग ठेवू नका, कोणी येणार नाही. सगळे ३५ नंबरच्या हायवेवर बोट ओढत उत्तरेला निघालेले असतात. राज्याचे गव्हर्नर सुद्धा जातात, १९४८ पासूनची प्रथा आहे, पक्ष कुठलाही असो, कॅमेऱ्यासमोर मासा लागतोय की नाही याचं टेन्शन असतंच.

वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, मांजरासारखे डोळे चमकतात. त्यामुळे त्याला अंधूक उजेडात नीट दिसतं आणि त्याच्या तोंडच्या छोट्या माशांना दिसत नाही, हा त्याचा सगळा धंदा. म्हणून तो संध्याकाळी, पहाटे, ढगाळ हवेत किंवा वारा सुटून पाणी हिंदकळत असेल तेव्हा लागतो. रविवारी जेवण करून दीड वाजता कडक उन्हात शांत पाण्यावर गेलात आणि म्हणालात की इथे वॉलायच नाहीत, तर चूक वॉलायची नाही. मेमध्ये जिगला, म्हणजे वजन असलेल्या गळाला, छोटा मासा लावून, जूनपासून जळू लावून, असं इथल्या लोकांचं गणित असतं. हो जळूच, जिवंत, डब्यात विकत मिळते, शेतातल्या माणसाला ऐकून हसू येईल पण वॉलायला ती फार आवडते.

कुठे जायचं म्हणाल तर मिल लॅक्स, लीच, विनिबिगोशिश, अगदी वर कॅनडाच्या सीमेवर लेक ऑफ द वुड्स. तिथल्या बॉडेट गावात वॉलायचा चाळीस फुटी पुतळा आहे, मुलांना फोटोसाठी बरा.

मिल लॅक्सवर आमच्यासाठी एक नियम आणि तिथल्या ओजिब्वे लोकांसाठी वेगळा, असं का?

हा प्रश्न लोक जरा आवाज खाली करून विचारतात, म्हणून मुद्दाम सविस्तर सांगतो. १८३७ मध्ये ओजिब्वे या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांनी अमेरिकन सरकारला करारात जमीन दिली, पण त्या जमिनीवर शिकार करायचा, मासे पकडायचा आणि पाण्यातला जंगली तांदूळ काढायचा हक्क स्वतःकडे ठेवला. तो हक्क त्यांना कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही, जमीन देताना त्यांनी राखून ठेवलेला आहे. पुढे राज्य म्हणायला लागलं की तो हक्क कधीच संपला, भांडण कोर्टात गेलं, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की हक्क शाबूत आहे. तेव्हापासून मिल लॅक्समधल्या वॉलायचा दर वर्षीचा सुरक्षित आकडा राज्य आणि ओजिब्वे बँड, म्हणजे त्यांचे गट, मिळून ठरवतात आणि वाटून घेतात. ते वसंतात जाळं लावतात, आपण गळ टाकतो. म्हणून मिल लॅक्सचे वॉलायचे नियम बाकी राज्यापेक्षा वेगळे असतात आणि मधेच बदलतात पण, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

आदिवासींमुळे मासे संपले असं बेट शॉपमध्ये कोणी म्हणालं तर रेड लेकचं उदाहरण द्या. तिथे दोन्हीकडच्या अति मासेमारीने १९९० च्या दशकात वॉलाय जवळजवळ संपला, मग रेड लेक नेशन, म्हणजे तिथल्या ओजिब्वे लोकांचं सरकार, आणि राज्य सरकार दोघांनी मिळून १९९९ मध्ये वॉलायची मासेमारी पूर्ण बंद केली, पिल्लं सोडली, आणि थेट २००६ मध्ये परत उघडली. आता तिथे वॉलाय भरपूर आहे. फक्त लोअर रेड लेक पूर्ण आणि अपर रेड लेकचा पश्चिमेकडचा भाग रिझर्वेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या राखीव प्रदेशात, येतो, तिथे आपल्याला जाता येत नाही, आपण पूर्वेच्या भागात.

चवीला कसे लागतात? आम्हाला पापलेट-सुरमईची सवय.

गोड्या पाण्याचे मासे आहेत, समुद्राचा खारट वास शोधू नका. पण मासा संध्याकाळी पकडून रात्री तव्यावर टाकला तर इंडियन स्टोअरमधलं महिनोन्महिने गोठलेलं पापलेट त्याच्यासमोर टिकत नाही, हे मी मालवणी माणसासमोर पण म्हणेन.

क्रॉपी आणि सनफिशची तुकडी पातळ आणि नाजूक असते. हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण आणि आगळ लावून पंधरा मिनिटंच ठेवा, जास्त ठेवलं तर तुटते, मग रवा-तांदळाच्या पिठात घोळवून गरम तेलावर दोन-दोन मिनिटं. सनफिश अख्खा खवले काढून चिरा पाडून तळला तर शेपटी कुरकुरीत होते, ती आधी कोण खाणार यावर भांडणं होतात. वॉलाय जाड, पांढरा, काटे कमी, रश्शात टिकतो, तिरफळ घालून केलेलं कालवण मस्त जमतं.

नॉर्दर्न पाइकला इथले लोक नाकं मुरडतात कारण त्याच्या पाठीत दुबेळक्यासारखे फाटे फुटलेले बारीक काटे असतात, पण ज्यांनी लहानपणी नदीचे काटेरी मासे खाल्लेत त्यांना त्याचं काय! इथली जुनी मंडळी तो व्हिनेगरमध्ये मुरवून लोणच्यासारखा खातात, काटे विरघळतात. तसं करणार असाल तर मासा आधी डीप फ्रीजरमध्ये किमान ४८ तास चांगला गोठवा, त्यात पट्टकृमी असू शकतो आणि व्हिनेगरने तो मरत नाही.

खाणं सेफ आहे का? पाऱ्याबद्दल ऐकलंय.

मोठा, म्हातारा, दुसरे मासे खाणारा मासा म्हणजे पारा जास्त, हे सूत्र. म्हणून सनफिश, क्रॉपी, पर्च हे खायला सगळ्यात बरे. गरोदर बायकांसाठी आणि १५ वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला वेगळा आहे: हे छोटे मासे आठवड्यातून एकदा, २० इंचांपेक्षा छोटा वॉलाय महिन्यातून एकदा, आणि त्याहून मोठा वॉलाय नकोच. शहराजवळच्या काही तळ्यांत पारा नाही तर दुसरी रसायनं सापडलीत, तळ्याच्या नावाने शोधलं की त्या त्या तळ्याचा सल्ला मिळतो. मोठा वॉलाय तसाही सोडून द्यावा, अंडी घालणारी मादी असते ती.

मर्यादा म्हणजे रोजची ना? आज पकडले, उद्या परत पकडले, चालेल?

नाही. इथेच बरेच जण फसतात. मर्यादा तुमच्या ताब्यातल्या माशांची असते आणि घरच्या फ्रीजरमधले पण त्यात धरतात. सनफिशची मर्यादा २० असेल आणि फ्रीजरमध्ये १५ असतील, तर आज तुम्हाला पाचच ठेवता येतात. आधी खा, मग पकडा.

दुसरं असं की मासे तळ्यावरच साफ करून तुकड्या घरी नेणार असाल तर वॉलायसारख्या माशाच्या प्रत्येक तुकडीवर खवल्यांसकट इंचभर चौकोनी कातडी ठेवावी लागते, कुठला मासा आहे ते अधिकाऱ्याला कळावं म्हणून. सनफिश आणि क्रॉपीला ही अट नाही. आतडी-डोकी पाण्यात फेकायची नाहीत, पिशवीत बांधून कचऱ्यात.

उरलेली गांडुळं मातीत सोडली तर चालतील ना? बागेला चांगली.

आपल्याकडे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असं शाळेत शिकवलंय, इथे उलटं आहे. हिमयुगात हा सगळा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता, त्यामुळे इथल्या जंगलात मूळची गांडुळंच नाहीत, जी आहेत ती बाहेरून आलेली, आणि ती जंगलाच्या जमिनीवरचा पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकतात ज्यावर इथली रानफुलं आणि झाडांची रोपं वाढतात. डब्यातली उरलेली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाका. जिवंत आमिषाचे मासे तळ्यात सोडणं पण बेकायदा.

तसंच झेब्रा शिंपल्याचं. नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, पण एका तळ्यातून दुसऱ्यात गेला की सगळं व्यापून टाकतो, पोरांचे पाय कापतात, पाइप तुंबतात. म्हणून बोट, कायाक, अगदी फुगवायची कायाक असली तरी तळ्यावरून निघायच्या आधी त्याला चिकटलेलं गवत काढायचं, सगळं पाणी सांडायचं, बोटीचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढून मगच रस्त्याला लागायचं. प्लग लावून गाडी चालवताना पकडलं तर दंड आहे. आमिषाच्या बादलीतलं पाणी पण तळ्याचं ठेवायचं नाही, घरून पाणी न्या आणि बदला.

कायाक घेतली, त्याला पण नंबर लागतो?

१० फुटांपेक्षा लांब असेल तर हो, नुसत्या वल्ह्याची असली तरी. १० फूट किंवा कमी आणि मोटर नसेल तर नाही. प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट बोटीत हवंच आणि १० वर्षांखालच्या मुलांच्या अंगात घातलेलं हवं. माझा सल्ला, मोठ्यांनी पण घाला, आपल्यातल्या कितीजणांना पोहता येतं ते आपल्याला माहितीये. मोटरबोट चालवायला २०२५ पासून तरुण मुलांना परीक्षा देऊन परमिट घ्यावा लागतो, आणि ही अट टप्प्याटप्प्याने १९८७ च्या मध्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागू होणार आहे.

बर्फावर गाडी नेतात म्हणे, हे वेडेपणाचं नाही का?

बर्फ किती जाड आहे त्यावर आहे. नवीन, स्वच्छ, काळसर पारदर्शक बर्फाचे आकडे असे: चालत जायला ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, छोट्या कारला ९ ते १०, मोठ्या पिकअपला १६-१७. पांढरा, बर्फ पडून गोठलेला असेल तर तो अर्ध्याच ताकदीचा, म्हणून जाडी दुप्पट धरा. आणि शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच, झरे, नाल्याचं तोंड, पुलाखालची जागा इथे तो पातळ राहतो. काल तिथे लोक होते म्हणून आज जाऊ नका, ड्रिलने स्वतः भोक पाडून मोजत जा.

पहिल्या खेपेला स्वतःचं सामान घेऊ नका. मिल लॅक्स, रेड लेक किंवा लेक ऑफ द वुड्सवर रिसॉर्टवाले बर्फावरचं गरम घर भाड्याने देतात, तेच तुम्हाला तिथे नेऊन सोडतात, भोकं पाडून देतात, आमिष देतात. बाहेर उणे २५ आणि आत तुम्ही स्वेटर काढून पत्ते खेळताय, भोकात लाइन सोडलेली, शेगडीवर खिचडी, असा सगळा थाट. फक्त आत गॅसचा हीटर असतो म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा आणि हवेची खिडकी बंद करू नका. गळ्यात बर्फात रोवायचे टोचे अडकवा, बर्फ फुटून पाण्यात पडलात तर ज्या दिशेने आलात तिकडेच वळून ते रोवत, पाय मारत आडवं बाहेर यायचं, आणि लगेच उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं.

गर्दी आवडत असेल तर जानेवारीच्या सुमाराला ब्रेनर्डजवळ गल लेकवर बर्फावरची मोठी स्पर्धा असते, हजारो लोक हजारो भोकांवर एकाच वेळी बसलेले.

बाउंड्री वॉटर्सला जायचंय, कसं ठरवायचं?

कॅनडाच्या सीमेवरचं दहा लाख एकरांहून मोठं जंगल, हजारावर तळी, बहुतेक ठिकाणी मोटरला बंदी, वल्हवत जायचं आणि दोन तळ्यांमध्ये कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, डोक्यावर घेऊन चालायचं. त्या चालण्याचं अंतर नकाशात रॉड नावाच्या मापात लिहितात, एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका कनूची लांबी. १०० रॉड वाचून घाबरू नका, अर्धा किलोमीटर होतं, पण डोक्यावर कनू, पाठीवर सॅक आणि पायाखाली चिखल-दगड असताना तेवढं पुरतं.

१ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामाला जायचं तर कोट्यातला परमिट लागतो आणि त्याचं बुकिंग जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी उघडतं, चांगल्या एंट्री पॉइंटच्या जुलैच्या तारखा लगेच उडतात. एका ग्रुपला जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ कनू. डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी, म्हणजे लोणच्याची बरणी घरी, लोणचं प्लास्टिकच्या डब्यात. अस्वलं आहेत, खाणं अस्वलाला मिळणार नाही असं ठेवणं सक्तीचं आहे, तंबूत चिवड्याचं पाकीट पण ठेवू नका. दहा-बारा कुटुंबं मिळून पिकनिकसारखं जायचा बेत असेल तर ही जागा नाही, त्यासाठी स्टेट पार्कचा ग्रुप कॅम्प बघा.

घरात निम्मे शाकाहारी आहेत. त्यांनी काय करायचं?

त्यांना नॉर्थ शोअरला न्या. डुलुथपासून ६१ नंबरचा रस्ता लेक सुपीरियरच्या काठाने वर जातो, गूसबेरीचा धबधबा, स्प्लिट रॉकचं १९१० सालचं दीपगृह, टेटेगूशचे कडे, सगळं एका दिवसात उरकता येतं पण दोन दिवस घ्या. तिथला खडक बघितलात तर एकदम ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा काळा बसाल्ट आहे, फक्त आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा एक अब्ज दहा कोटी. त्याच्यातल्या वायूच्या पोकळ्यांत भरून तयार झालेले लाल पट्ट्यांचे अकीक काठावर सापडतात, पोरं तासन्तास वेचत बसतात. स्टेट पार्कमधून मात्र दगड उचलायला मनाई आहे, बाहेरच्या सार्वजनिक किनाऱ्यावर वेचा.

इटास्का स्टेट पार्कला मिसिसिपी उगम पावते, तिथे ती इतकी अरुंद आहे की दगडांवर पाय ठेवून पोरं पलीकडे जातात. १८९१ पासूनचं पार्क आहे, राज्यातलं सगळ्यात जुनं. ट्राउट आवडणारा आणि सायकल आवडणारा एकाच घरात असतील तर आग्नेयेला लेन्सबरोला जा, एकजण रूट रिव्हरवर गळ टाकतो, दुसरा नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावर सायकल चालवतो.

डास?

जूनमध्ये भयंकर. लांब बाह्या, डीट (डास पळवणारं औषध), आणि सूर्य मावळताना वाऱ्याच्या बाजूला बसा. पण डासांपेक्षा गोचिडीची काळजी करा, हरणांवरच्या बारीक गोचिडीने लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर पोरांच्या कानामागे, काखेत, केसांत बघा, सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, तेल-बिल लावत बसू नका.

अधिकारी आला तर काय करायचं?

काही नाही, नमस्कार-चमत्कार करा. कॉन्झर्वेशन ऑफिसर लायसन बघतो, मासे मोजतो, कुठला मासा आहे विचारतो, लाइफ जॅकेट मोजतो आणि जातो. लायसन फोनवर असलं तरी चालतं, पण उत्तरेला रेंज नसते म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. एखादा मासा ओळखता येत नसेल तर तो बादलीत ठेवू नका, लगेच सोडा. आणि तो निघायच्या आत त्याला विचारा की आज इकडे कुठे काय लागतंय, दिवसभर सगळ्यांच्या बादल्या तोच बघत फिरत असतो.